निवाऱ्याला हातभार: सांगलीतील आमच्या वसाहतीच्या प्रकल्प नोंदी (मे ते डिसेंबर 2024)

1 मे 2024, बुधवार

विश्रामबाग परिसरातील आमच्या वसाहतीतल्या अकरा कुटुंबांनी आज झेंडावंदनानंतर एकत्र बसून, शहरालगत नदीकडच्या सखल पट्ट्यात असलेल्या प्राण्यांच्या निवाऱ्याला वर्षअखेरपर्यंत नियमित साहाय्य करण्याचे ठरवले आणि त्याच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे सोपवले. याला निमित्त झाले ते एप्रिलमधल्या एका अपघाताचे. गल्लीच्या तोंडाशी मोटारीची धडक बसून एक कुत्री मागच्या दोन्ही पायांनी लुळी झाली. निवाऱ्याला फोन केल्यावर त्यांची गाडी यायला साडेतीन तास लागले आणि तेवढ्या वेळात आमच्यापैकी अनेकांनी त्या लोकांना बोल लावले. गाडी आली तेव्हा कळले, की गाडी चालवणारा, जनावर पकडणारा आणि सलाईन लावणारा माणूस एकच आहे, आणि मिरजेपलीकडून दोन जखमी जनावरे उचलून तो थेट आमच्याकडे आला होता. ती कुत्री वाचली नाही. त्या रात्री आम्हाला स्वतःच्या बोलण्याची जी खंत वाटली, तिच्यातून हे काम उभे राहत आहे.

रविवारी निवाऱ्यात जायचे आहे. त्यासाठी दोन कापसाच्या गाद्या, बिस्किटांचे साठ पुडे आणि जुने स्वेटर जमा झाले आहेत. दहा लिटर दूध त्या दिवशी सकाळी घ्यायचे आहे.

5 मे 2024, रविवार

निवाऱ्याची मूळ क्षमता पन्नास जनावरांची आहे, पण आज तेथे 74 कुत्री, 19 मांजरे आणि 3 गाढवे होती. संस्था चालवणाऱ्या ताईंनी आमच्या वस्तू नम्रपणे स्वीकारल्या. “यातले खरोखर उपयोगाचे काय ते स्पष्ट सांगा,” असा मी आग्रह धरल्यावर त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की गादी कुत्री फाडतात, कापूस गिळला गेला तर आतडे तुंबते आणि पावसाळ्यात भिजलेली गादी आठ-आठ दिवस वाळत नाही. अंथरायला गोणपाट आणि जुन्या सुती चादरी सर्वांत चांगल्या, कारण त्या धुता येतात आणि खराब झाल्यावर टाकताही येतात. गाईच्या दुधाने बहुतेक कुत्र्यांना आणि पिल्लांना जुलाब होतात. बिस्किटांत मैदा आणि साखर यांपलीकडे फारसे काही नसते, त्यामुळे जनावराचे पोट भरल्यासारखे वाटले तरी अंगात ताकद येत नाही.

स्वयंपाकघरात रोज सुमारे 18 किलो कणी शिजते. तिच्यात कोंबडीचे मांस, लाल भोपळा आणि थोडी हळद घालतात. कांदा-लसूण मात्र कटाक्षाने टाळतात, कारण त्याने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. लग्नकार्यात उरलेले अन्न आणून देणाऱ्यांना ताई याच कारणासाठी नाही म्हणतात आणि त्यामुळे त्यांच्यावर रोष येतो, हेही आज कळले.

सर्वांत महत्त्वाचे त्यांनी शेवटी सांगितले. “तांदूळ देणारे दहा लोक भेटतात. मामांचा पगार आणि विजेचे बिल देतो म्हणणारा मला आजवर एकही भेटलेला नाही.” मामा म्हणजे पिंजरे धुणारे आणि जनावरांना औषधे देणारे येथील सर्वांत जुने कामगार. लसींचा शीतकपाट चोवीस तास चालू ठेवावा लागतो आणि बोअरच्या मोटारीवर सगळी धुलाई अवलंबून असते, पण या खर्चासाठी छायाचित्र काढून दाखवता येईल असे काही नसल्यामुळे त्यासाठी कोणी देणगी देत नाही. आमच्या कामाची दिशा मला येथेच सापडली, असे मी मानतो. आपल्याला काय द्यावेसे वाटते यापेक्षा त्यांना काय हवे आहे, हे प्रत्येक वेळी आधी विचारायचे आणि नंतरच हालचाल करायची.

12 मे 2024, रविवार

माझे सगळे आयुष्य बँकेत गेल्यामुळे पैशांची व्यवस्था मी माझ्याकडे घेतली. देणगी सुरू करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, आयकराच्या 12अ (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करवजावट) खालील नोंदणी, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब ही कागदपत्रे पाहिली. ताईंनी ती न रागावता पुढे ठेवली. कागदपत्रे मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, हे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही समजून घेतले तर पुढचा व्यवहार निर्मळ राहतो.

प्रत्येक कुटुंबाने दरमहा 500 रुपये द्यायचे आणि बँकेला स्थायी सूचना देऊन ती रक्कम पाच तारखेला परस्पर निवाऱ्याच्या खात्यात जाईल अशी सोय करायची, असे ठरले. अकरा कुटुंबांचे मिळून 5,500 रुपये होतात. रक्कम मोठी नाही, पण महिन्याच्या पाच तारखेला ती येणारच, ही खात्री त्यांच्यासाठी अधिक मोलाची आहे. वर्षातून एकदा आलेल्या पन्नास हजारांवर कोणी कामगार नेमू शकत नाही, दरमहा निश्चित येणाऱ्या पाच हजारांवर मात्र अर्धवेळ माणूस ठेवण्याचा विचार करता येतो. देणगी कोणत्याही एका कुत्र्याच्या नावाने न देता सर्वसाधारण निधीत द्यायची, हेही सर्वांनी मान्य केले.

कराविषयी दोन गोष्टी सर्वांना लेखी कळवल्या. 2,000 रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर 80जीची वजावट मिळत नाही, आणि ही वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच घेता येते.

26 मे 2024, रविवार

उन्हाचा कडाका आहे. गेल्या पंधरवड्यात निवाऱ्यात सात घारी आणि असंख्य कबुतरे आली. भोवळ येऊन पडलेल्या पक्ष्याची चोच उघडून पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाते, म्हणून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या आणि गार जागी ठेवून मदत बोलवावी, ही सूचना मामांच्या सांगण्यावरून आम्ही वसाहतीच्या फलकावर लावली. घार हा वन्यपक्षी असल्याने वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवायचे असते, हेही खाली लिहिले. सिमेंटच्या पसरट कुंड्या बारा ठिकाणी ठेवल्या. पाणी रोज बदलण्याची जबाबदारी मुलांनी वाटून घेतली आहे.

9 जून 2024, रविवार

आजचा पूर्ण दिवस पूरयोजनेत गेला. सांगलीकरांना कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीस फुटांवर धोका हे आकडे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा 55 फुटांच्या आसपास पोहोचले. 2019 च्या त्या दिवसांत माणसांना घराबाहेर काढण्यासाठीच नावा अपुऱ्या पडत होत्या. अशा वेळी कुत्र्या-मांजरांसाठी कोणाकडे नाव मागावी, हा प्रश्न ताईंना उच्चारणेसुद्धा जड गेले असणार. त्या वेळी त्यांनी जनावरे शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर नेली होती, आणि सगळी वाचली नाहीत एवढेच त्या सांगतात.

त्यामुळे पाणी चढल्यावर काय करायचे यापेक्षा पाणी चढण्याच्या आधी केव्हा हलायचे, हे ठरवणे अधिक आवश्यक होते. निवाऱ्याच्या मागच्या कुंपणाला साधारण चाळीस फुटांच्या सुमारास पाणी लागते, असा मामांचा अनुभव आहे. त्यावरून आम्ही दोन खुणा निश्चित केल्या. पातळी तीस फुटांवर गेली की पिंजरे, गाड्या आणि माणसे सज्ज ठेवायची. ती पस्तिसावर गेली आणि कोयना धरणातून विसर्ग वाढत असल्याची सूचना असली, की कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता जनावरे हलवायला सुरुवात करायची. आमच्या वसाहतीतील एका व्यापाऱ्याचे मिरज रस्त्यावर उंचावर गोदाम आहे आणि त्याचा अर्धा भाग जुलै ते सप्टेंबर रिकामा ठेवण्याचे त्यांनी मान्य केले. भाजी वाहतुकीचे तीन छोटे हत्ती टेम्पो ठरवून चालकांचे क्रमांक लिहून घेतले.

खरे किचकट काम याद्यांचे होते. प्रत्येक जनावराचे छायाचित्र, गळपट्ट्याचा क्रमांक, चालू औषधे आणि कोणाशी पटते व कोणाशी पटत नाही, हे एका तक्त्यात भरले. सहा कुत्री अशी आहेत, की त्यांना अनोळखी माणसाने हात लावता कामा नये. त्यांच्यासाठी जाळीदार मुसक्या आणि स्वतंत्र पिंजरे लागणार आहेत. भांडणारी दोन कुत्री घाईत एकाच पिंजऱ्यात कोंबली गेली, तर पुरापेक्षा मोठी इजा तेथेच होऊ शकते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली या तक्त्याची एक प्रत ताईंच्या घरी, एक गोदामात आणि एक माझ्याकडे राहील.

तक्त्याच्या शेवटी एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. जे जनावर हलवता आले नाही, ते बांधून किंवा कोंडून मागे सोडायचे नाही. दावे किंवा साखळी सोडलेल्या जनावराला पोहून जाण्याची संधी तरी मिळते.

23 जून 2024, रविवार

निवाऱ्यात जनावरे हाताळणाऱ्या सर्वांना रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस असली पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले. दोन कामगार, ताई आणि आमच्यातील पाच जण यांनी पहिला डोस घेतला. सातव्या दिवशी दुसरा आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरा घ्यायचा आहे. मामा वीस वर्षे हे काम करत आहेत आणि चावा बसल्यावर घेतलेल्या इंजेक्शनांखेरीज त्यांना आजवर कोणतेही संरक्षण मिळाले नव्हते, हे ऐकून मन अस्वस्थ झाले. कामगारांच्या लसींचा खर्च आम्ही उचलला.

7 जुलै 2024, रविवार

24 जूनच्या पहाटे निवाऱ्याच्या फाटकाशी कोणीतरी खोक्यात घालून पाच पिल्ले सोडून गेले. डोळे उघडलेले होते पण चाल अडखळती होती, यावरून ती जेमतेम तीन आठवड्यांची असावीत. त्याच आठवड्यात निवाऱ्यात पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाचे दोन रुग्ण असल्यामुळे पिल्लांना आत घेणे म्हणजे त्यांना मृत्यूच्या तोंडी देणे होते. विज्ञान शाखेत शिकणारा आमच्याकडचा एक विद्यार्थी आणि त्याची आई यांनी त्यांना आपल्या तळमजल्यावरच्या खोलीत ठेवून घेतले.

तात्पुरते पालकत्व ही निवाऱ्याला मिळू शकणाऱ्या मदतीतील फार मोठी गोष्ट आहे, कारण तिच्यामुळे एक पिंजरा रिकामा होतोच आणि अशक्त जीव रोगाच्या जागेपासून दूर राहतो. मात्र ते सोपे नाही. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची आणि मगच पाजायचे, कारण अंग थंड असताना दूध पचत नाही. पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर दर चार तासांनी, रात्रीही, पिल्लू पालथे ठेवूनच पाजायची. ते उताणे असले तर दूध फुप्फुसात जाते. प्रत्येकाचे वजन रोज सकाळी स्वयंपाकघरातील काट्यावर करून वहीत लिहायचे, कारण पिल्लू खचत चालल्याची पहिली खूण वजनातच दिसते. त्या माउलीने नोकरी सांभाळून हे सगळे केले. तरीही पाचांतील सर्वांत लहान पिल्लू 2 जुलैला गेले. वहीत त्याच्या रकान्यात तीन दिवस वजन घटलेले दिसते. डॉक्टर म्हणाले, की यापेक्षा वेगळे काही करता आले नसते, परंतु त्या घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही.

पार्वोविषयी अधिक लिहून ठेवणे आवश्यक वाटते, कारण चांगल्या हेतूने येणारी माणसेच तो रोग वाहून नेतात. हा विषाणू जमिनीत आणि फटींत कित्येक महिने टिकतो, आणि चपलांना व कपड्यांना चिकटून एका जागेहून दुसऱ्या जागी जातो. आपल्याकडे सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या फिनेलने तो मरत नाही. शिवाय फिनेल मांजरांना विषारी आहे. आधी साबणाने घाण पूर्ण काढायची, नंतर एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असे द्रावण ताजे तयार करून फरशीवर किमान दहा मिनिटे ओले ठेवायचे, ही पद्धत मामांना डॉक्टरांनी शिकवली आहे. घाणीवरच ब्लीच ओतले तर त्याची शक्ती घाणीतच संपून जाते. आम्ही दरमहा वीस लिटर ब्लीच आणि गमबूटांच्या चार जोड्या देण्याचे ठरवले. वसाहतीतील मुलांची निवारा-भेट पुढे ढकलली. मुले हिरमुसली, पण कारण समजावल्यावर त्यांनी मान्य केले.

26 जुलै 2024, शुक्रवार

कोयनेतून विसर्ग सुरू झाला असून कृष्णेचे पाणी सांगलीत चढत आहे. ठरवलेली खूण गाठताच काल दुपारी स्थलांतर सुरू केले. आधी आजारी जनावरे, मग मांजरे, मग पिंजऱ्यांतील आक्रमक कुत्री आणि शेवटी गाढवे असा क्रम ठेवला. टेम्पोच्या नऊ फेऱ्या झाल्या. एक टेम्पोचालक कुत्र्यांना घाबरत असल्याने ऐन वेळी माघारी गेला, त्याच्या जागी आमच्यातील एकाची मोटार वापरली. रात्री साडेअकराला तक्त्यावरील प्रत्येक क्रमांकासमोर खूण झाली.

28 जुलै 2024, रविवार

पाणी इशारा पातळीच्या आसपास घुटमळत आहे. निवाऱ्याच्या मागच्या आवारात घोटाभर पाणी आहे, आत शिरलेले नाही. एवढ्या पाण्यासाठी एवढा खटाटोप कशाला केला, असे एका सदस्याने विचारले. मामांनीच त्यांना 2019 मध्ये पाणी एका रात्रीत किती चढले होते ते सांगितले आणि विषय तेथेच मिटला.

गोदामात कुत्री पहिली रात्र सतत भुंकली. दुसऱ्या रात्री मामांनी त्यांच्यामध्येच अंथरूण टाकले आणि बरीचशी शांत झाली.

18 ऑगस्ट 2024, रविवार

जनावरे परत निवाऱ्यात आली. साचलेल्या पाण्यात आणि उंदरांच्या मुतात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा) धोका असल्यामुळे डॉक्टरांनी कुत्र्यांच्या लसी पाहून घेतल्या आणि धुलाई करणाऱ्यांनी गमबूट व हातमोजे घातल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही, असा नियम केला. पावसाळ्यात अळ्या पडलेल्या जखमांचे रुग्ण रोज येत आहेत. लोक अशा जखमेत पेट्रोल किंवा फिनेल ओततात, त्यामुळे अळ्यांबरोबर जिवंत मांसही जळते आणि जनावर माणसाला जवळ येऊ देत नाही. जखम दिसताच, ती बोटाएवढी असतानाच, निवाऱ्याला कळवणे हाच खरा उपाय आहे.

ताईंशी आज दीर्घ बोलणे झाले. निवाऱ्यात येणारी बहुतेक पिल्ले ही आमच्यासारख्या वसाहतींतूनच येतात, आणि ती जन्मालाच आली नाहीत तर निवाऱ्याचा अर्धा भार हलका होईल, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. कुत्रीचा गाभणकाळ अवघा सुमारे 63 दिवसांचा असतो आणि ती वर्षातून दोनदा विऊ शकते. आमच्या वसाहतीत नऊ कुत्री आहेत, त्यांपैकी पाच माद्या आहेत. आम्ही त्यांच्या नसबंदीसाठी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला रीतसर पत्र दिले असून त्यासोबत प्रत्येकाचे छायाचित्र, राहण्याची जागा आणि अंदाजे वय जोडले आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्रे पकडले त्याच जागी परत सोडावे लागते. ही अट अनेकांना विचित्र वाटते, पण तिच्यामागे विचार आहे. जागा रिकामी झाली की तेथे बाहेरची, लस न झालेली कुत्री येतात, आणि जुनी, लस झालेली कुत्री आपला भाग राखून असतात.

15 सप्टेंबर 2024, रविवार

नऊपैकी सात कुत्र्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. नसबंदी झाल्याची खूण म्हणून ती कानाला खाच घेऊन परतली आहेत. एक मादी पिल्लांना पाजत असल्याने तिला थांबवले आणि एक नर हाती लागला नाही. पकडण्याच्या आदल्या रात्री त्यांना खायला न देण्याचे काम अवघड होते, कारण प्रत्येक मजल्यावरून कोणी ना कोणी पोळी टाकत असते. म्हणून दारोदार जाऊन सांगावे लागले.

याच पोळ्यांवरून आज वसाहतीची सभा झाली. एका आजोबांनी, आपली चार वर्षांची नात जिन्यात बसलेल्या कुत्र्यांना घाबरून शाळेला जाताना रडते, ही तक्रार मांडली. त्यांचे म्हणणे मला अगदी योग्य वाटले. 2023 च्या नियमांतही खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि प्रवेशद्वारांपासून दूर असावी, असेच सांगितले आहे. पाण्याच्या टाकीमागची जागा ठरली, वेळ पहाटे सहा आणि रात्री साडेनऊ, आणि खाऊन झाल्यावर भांडी उचलण्याची जबाबदारी दोन घरांनी घेतली. प्राण्यांवर प्रेम करणाऱ्यांनी घाबरणाऱ्या माणसांचे ऐकून घेतले नाही, तर त्याचा राग शेवटी त्या मुक्या जिवांवरच निघतो.

सभेत एकाने हे सगळे परदेशातून आलेले खूळ असल्याचे म्हटले. त्यावर मी मुंबईचे उदाहरण दिले. तेथे 1832 मध्ये कंपनी सरकारच्या भटकी कुत्री मारण्याच्या हुकमाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते, आणि 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय व इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. ती आजही चालू आहे.

28 सप्टेंबर 2024, शनिवार

जागतिक रेबीज दिनानिमित्त निवाऱ्याबरोबर लसीकरण केले. हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन आहे. वसाहत आणि शेजारच्या तीन गल्ल्यांत मिळून 41 जनावरांना लस टोचली. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागत असल्यामुळे बर्फाची पेटी सांभाळण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला होता. लस झालेल्या कुत्र्याच्या पाठीवर रंगाची खूण केली, त्यामुळे दुबार टोचणी टळली. एखाद्या भागातील सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. गोव्यात वर्षानुवर्षे हेच काम चिकाटीने झाले आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे, हे आम्ही प्रत्येक घरी तोंडी सांगितले. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही लावू नये, हेही सांगावे लागले, कारण लावणारी घरे अजून आहेत.

20 ऑक्टोबर 2024, रविवार

दत्तक देण्याच्या कामात आमच्याकडून चूक झाली आणि ती येथे स्पष्ट लिहिली पाहिजे. निवाऱ्यातील चार वर्षांची एक शांत, काळी कुत्री आम्ही 6 तारखेला एका कुटुंबाकडे दिली. ताईंनी घरभेट घ्यायला सांगितले होते, परंतु कुटुंब ओळखीचे म्हणून मी ती टाळली. घरातील आजी दम्याच्या रुग्ण आहेत आणि घरमालकाचाही विरोध आहे, हे आम्हाला नवव्या दिवशी, कुत्री परत आली तेव्हा कळले. कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही. परत आल्यापासून ती कोपऱ्यात तोंड करून बसते आणि मामांच्याच हातून खाते.

यापुढे घरातील प्रत्येक व्यक्तीशी बोलल्याशिवाय दत्तक द्यायचे नाही. नवे घर अंगवळणी पडायला प्राण्याला तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असे टप्पे लागतात, असा या कामातील लोकांचा अनुभव आहे. त्या तिन्ही टप्प्यांवर आमच्यातील एकजण त्या घरी जाऊन येईल.

चार पिल्लांपैकी दोन मात्र गेल्या महिन्यात चांगल्या घरी गेली. त्यांच्या लसी सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण झाल्या आहेत.

3 नोव्हेंबर 2024, रविवार

फटाक्यांमुळे घाबरून पळालेली पाच पाळीव कुत्री या आठवड्यात निवाऱ्यात आली. दोघांच्या गळपट्ट्यावर मालकाचा क्रमांक होता आणि ती त्याच दिवशी घरी गेली. उरलेल्या तिघांचे मालक अजून सापडलेले नाहीत. क्रमांक कोरलेला पत्रा फार स्वस्तात बनतो. पुढील दिवाळीपूर्वी आम्ही शंभर बनवून वाटणार आहोत.

24 नोव्हेंबर 2024, रविवार

गुरुवारी रात्री गल्लीच्या तोंडाशी पुन्हा अपघात झाला. या वेळी तो विद्यार्थी धावत गेला, कुत्र्याच्या तोंडाला पट्टीने सैल मुसकी बांधली, चादरीची झोळी करून त्याला सपाट उचलले आणि आम्ही आमच्याच गाडीतून निवाऱ्यात पोहोचवले. फोन केल्यापासून चाळीस मिनिटांत डॉक्टरांचा हात त्याला लागला. पुढचा डावा पाय काढावा लागला, पण तो जगला असून काल उभा राहून त्याने भात खाल्ला. ही झोळी करण्याची रीत डॉक्टरांनी सप्टेंबरमध्ये आमच्यातील आठ जणांना शिकवली होती.

15 डिसेंबर 2024, रविवार

दरमहा रक्कम देणारी कुटुंबे आता चौदा झाली. एका कुटुंबाची बदली झाली, तेथूनही त्यांनी स्थायी सूचना चालू ठेवली आहे. शेजारच्या वसाहतीने स्वतंत्रपणे 4,000 रुपये सुरू केले. या दोन्ही रकमांच्या भरवशावर ताईंनी जानेवारीपासून गाडीसाठी अर्धवेळ चालक नेमला आहे, त्यामुळे मामांना जनावरांजवळ थांबता येईल.

काळी कुत्री अजून निवाऱ्यातच आहे. एक निवृत्त शिक्षिका गेले तीन रविवार तिच्याजवळ येऊन बसतात आणि ती आता त्यांच्या हातून खाऊ लागली आहे. शिक्षिकाबाईंच्या घरी मी आणि ताई मंगळवारी जाणार आहोत. त्यांचा मुलगा पुण्याहून येणार असून त्याच्याशीही बोलायचे आहे.

राहिलेली कामे: हाती न लागलेला नर आणि पाजणारी मादी यांच्या शस्त्रक्रियेसाठी महापालिकेला दुसरे पत्र देणे. मादीची पिल्ले आता सुटी झाली आहेत. गोदामाचा करार पुढील पावसाळ्यासाठी लेखी करून घेणे. जानेवारीची कणी 2 तारखेला पोहोचवायची आहे, आणि थंडी वाढल्याने साठ गोणपाटे जादा लागतील असे मामांनी कळवले आहे. धान्याच्या दुकानात सांगून ठेवले आहे.